टेस्टर लागतो, मिक्सर लागत नाही

सगळ्या घराची लाईट गेली की माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान पसरतं. गॅलरीत जायचं, समोरची बिल्डिंगही अंधारात आहे ना ते बघायचं, असली की आत येऊन "सगळीकडचीच गेलीय" असं जाहीर करायचं आणि निवांत बसायचं. दुःखात वाटेकरी व्हायला आमची अख्खी काठे गल्ली असते. एकच प्लग गेला तर मात्र माणूस एकटा पडतो. डोक्यावर पंखा फिरतोय, फ्रिज गुरगुरतोय, शेजारच्यांची मालिका भिंतीतून ऐकू येतेय, आणि ज्या तीन भोकांत मिक्सरची पिन खुपसली आहे तेवढीच वीतभर जागा जगाशी फटकून वागतेय. याची तक्रार नोंदवायची कुठे? वीज कंपनीचा माणूस मीटरपर्यंत येतो. मीटरच्या अलीकडे तुमचं नशीब आणि तुमचा बोर्ड.

आमच्या नाशिकच्या द्वारकेत तर लाईट आहे की नाही हे ओळखायच्या नेहमीच्या खुणाही उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या गावांत लोक म्हणे चौकातला सिग्नल बघतात. द्वारका चौकात सिग्नल चालू असो नाहीतर बंद, वाहनं त्याच श्रद्धेने एकमेकांच्या अंगावर येत असतात. रस्त्याकडे बघून विजेबद्दल काही ठरवता येत नाही.

एकच प्लग गेल्यावर घरात जो तपास सुरू होतो, त्यात पहिला आरोपी नेहमी वस्तू असते. आमच्याकडे मिक्सर होता, आणि तो माझ्या माहेरून आलेला असल्यामुळे आरोप सिद्ध झाल्यातच जमा होता. "आमच्या वेळचा मिक्सर कधी बंद पडला नाही," एवढंच सासूबाई म्हणाल्या. त्यांना याहून जास्त बोलायची गरज कधी पडत नाही. मग आरोपीला हॉलमध्ये नेऊन टीव्हीच्या प्लगला लावलं. तिथे तो असा गरजला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मिक्सर निर्दोष सुटला. त्याची माफी कोणी मागितली नाही.

दुसरा आरोपी म्हणजे शेवटचा हात लावणारा. "इथे शेवटचं काय लावलं होतं?" हा प्रश्न घरात वरून खाली वाहतो; मोठ्या माणसाकडून लहानाकडे. उलटा वाहिल्याचं ऐकिवात नाही. मुलाने मोबाईल चार्जिंगला लावला होता. आता चार्जर खाऊन खाऊन किती खाणार, वीस-पंचवीस वॅट! त्याच भिंतीवर दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी रोज सकाळी चहा करते, पण तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण ती लावणारी व्यक्ती वयाने मोठी आहे.

तिसरी पायरी हलवून बघण्याची. ही आपल्याकडची सर्वमान्य दुरुस्ती. रिमोट, नळ, दाताची कवळी, सरकारी कामाची फाईल, काहीही अडलं तरी आधी हलवून बघायचं. प्रत्येक जुन्या घरात एक तरी प्लग असा असतो, की त्यात पिन एका ठरावीक कोनात राहिली तरच वीज प्रसन्न होते. माझ्या आजोळी इस्त्रीची पिन वर उचलून धरावी लागे आणि त्या कामावर एका भाच्याची नेमणूक असे. इस्त्री संपेपर्यंत त्याने शिंकायचं नाही. कोणी पिनेखाली लग्नपत्रिकेची घडी सारतात, कोणी चार्जरला टेकू म्हणून पुस्तक देतात. पुस्तकांचा एवढा नियमित उपयोग त्या घरात दुसरा होत नसतो. पिनच नसेल तर वायरीची उघडी टोकं भोकांत घालून आगपेटीच्या काड्यांनी पक्की करणारे शूरवीर अजून आहेत. म्हणजे आग लावायचं साधन आधीच जागेवर.

आत काय होतं, तर सॉकेटातल्या पितळी पट्ट्या सैल पडतात. सैल जागी ठिणगी उडते, ठिणगीने पट्टी काळी पडते, काळी पट्टी तापते, तापून आणखी सैल होते. हलवून बघणारा माणूस या सगळ्या कार्यक्रमाला मनापासून हातभार लावत असतो.

एवढ्याने भागलं नाही तर दारामागच्या डबीकडे मोर्चा वळतो. पूर्वी तिथे पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत. फ्यूज उडाला की त्यात बारीक तार गुंडाळायची. पण वारंवार उडतो म्हणून कोणीतरी कर्ता पुरुष एक दिवस दोन पदरी जाड तार घाली, आणि त्या दिवसापासून फ्यूज कधीच उडत नसे. त्याऐवजी भिंतीतली वायर जळे. आता एमसीबी आले. त्यातही एक गंमत आहे: काही एमसीबी ट्रिप झाल्यावर खटका पूर्ण खाली पडत नाही, मधेच लोंबकळत राहतो. त्याला आधी पूर्ण खाली दाबायचं आणि मग वर करायचं, तरच तो धरतो. हे ज्याला माहीत नसतं तो त्याला नुसता वर ढकलत राहतो, आणि थोड्या वेळाने "एमसीबी गेला" असा निकाल देतो. आमचे एमसीबी सगळे ताठ उभे होते. तिथेही काही मिळालं नाही.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका आले.

प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक टेस्टरवाले काका असतात. शर्टाच्या खिशात बाकीच्यांचं पेन असतं तिथे यांचा टेस्टर. पायात रबरी स्लिपर, मागे हाताची घडी घातलेले दोन प्रेक्षक. काकांनी टेस्टर पहिल्या भोकात घातला. लाल दिवा लागला. "सप्लाय आहे!" मग सहज म्हणून दुसऱ्या भोकात घातला. तिथेही लागला. घरात शांतता पसरली.

"दोन्हीकडे लागतो," काका म्हणाले.

"मग तर डबल पॉवर आली असेल," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटतं, मराठी मध्यमवर्गाची विजेवरची सगळी श्रद्धा त्या टेस्टरच्या दिव्यात एकवटली आहे. तो लागला म्हणजे लाईट आहे. मिक्सर फिरत नसेल तर मिक्सरचं काहीतरी चुकतंय. पण टेस्टर हा फार थोडक्यात खूश होणारा जीव आहे. आत निऑनचा इवलासा दिवा, त्याला जोडून मोठा रोध, आणि वर टोपणाला टेकवलेलं तुमचं बोट. त्यातून एक मिलिअँपिअरही वीज वाहत नाही, तेवढ्यावर तो उजळतो. जमिनीपर्यंत परतायचा रस्ता तुमच्या अंगातूनच करून घेतो, भिंतीत परतीची वायर आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. मिक्सरला असते. त्याला दोन-तीन अँपिअर लागतात, आणि फेजने आलेली वीज न्यूट्रलने परत गेल्याशिवाय त्याचं पातं हलत नाही.

दोन्ही भोकांत दिवा लागणं याचा अर्थ दुप्पट वीज नव्हे, न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. त्याच वायरीवर ट्यूब किंवा फ्रिज असं काहीतरी चालू अवस्थेत असतं. फेज त्यातून पलीकडे उतरतो, परतीची वाट बंद बघून न्यूट्रलच्या वायरीत साचून राहतो, आणि टेस्टरला दुसऱ्या भोकातूनही दर्शन देतो. म्हणजे ज्या प्लगला आपण मेलेला म्हणतो, तो दोन्ही बाजूंनी जिवंत असतो. "बंदच आहे की" म्हणून त्यात कोणी स्क्रूड्रायव्हर घालू नये तो याचसाठी.

(हाच न्यूट्रल घरात न तुटता बाहेर, बिल्डिंगच्या तीन फेजच्या जोडणीत तुटला, तर प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहत नाही. एका घरात दिवे मंदावतात, दुसऱ्यात भगभगतात, आणि २३० व्होल्टवर वाढलेल्या गरीब टीव्हीवर चारशेच्या घरातला दाब येऊ शकतो. अशा वेळी टेस्टर न शोधता मेन स्विच शोधावा.)

काकांचं ज्ञान संपलं तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना बोलावणं गेलं. नाशिकला यांची वाण नाही. हे गाव द्राक्षं आणि चिवड्यासाठी प्रसिद्ध असलं तरी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सर्किट ब्रेकर आणि स्विचगिअर बनतं, ते परदेशी जातं. परिणामी इथल्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये दिवसभर तेहतीस हजार व्होल्टशी चेष्टामस्करी करून आलेला एक तरी गृहस्थ असतो. त्याला घरातला सहा अँपिअरचा सॉकेट दाखवला की तो हात पाठीमागे बांधून लांबून बघतो. "आमच्याकडे लो टेन्शन नसतं हो वहिनी," ते म्हणाले, "ही वेगळी लाइन झाली." मग त्यांनी ड्रॉइंग मागितलं. घराच्या वायरिंगचं ड्रॉइंग! आमच्याकडे घराच्या सातबाऱ्याची झेरॉक्स सापडायची मारामार.

मला त्या क्षणी एकलहरे आठवलं. द्वारकेहून पुणे रोडला लागलात की नाशिकरोडच्या पुढे ते औष्णिक वीज केंद्र आहे, २१० मेगावॉटच्या तीन संचांचं. विदर्भातल्या खाणींचा कोळसा रेल्वेने अर्धा महाराष्ट्र ओलांडून तिथे येतो. तो दळायचा, जाळायचा, त्यावर पाण्याची वाफ करायची, वाफेवर मिनिटाला ३,००० फेरे घेणारं टर्बाइन फिरवायचं, १५.७५ हजार व्होल्टला वीज काढायची, ती २ लाख २० हजार व्होल्टपर्यंत चढवायची, मनोऱ्यांवरून धाडायची, मग पायरीपायरीने उतरवत गल्लीतल्या डीपीपर्यंत आणायची. आमच्या घरात येते ती एकलहऱ्याचीच वीज असं नाही. ग्रिडमध्ये सगळ्यांची एक होते. पण कुठली का असेना, ती एवढा प्रवास करून, सगळे डोंगर-नद्या पार करून, आमच्या ओट्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली होती. आणि इकडे लसणाची चटणी व्हायची होती.

वायरमनला फोन केला. "दहा मिनिटांत पोचतो ताई, द्वारकेवर आहे." हे वाक्य नाशिकमध्ये कुठेही उशिराचं पक्कं कारण म्हणून चालतं. लग्नाला, ऑफिसला, कोर्टातसुद्धा चालत असावं. फक्त आम्हाला ते वापरता येत नाही, कारण आम्ही राहतोच द्वारकेत. समोर दिसणाऱ्या चौकातून तो माणूस अर्धा तास आमच्याकडे येत होता.

गॅलरीतून बघताना एक लक्षात आलं. द्वारका चौक हा जास्त भरलेला मल्टिप्लग आहे. मुंबई-आग्रा रस्ता त्यात खुपसलेला, पुण्याचा रस्ता खुपसलेला, गावातून सारडा सर्कलवरून येणारा रिक्षांचा लोंढा खुपसलेला. मग वरून उड्डाणपूल काढला, म्हणजे जड लोड वेगळ्या वायरीवर टाकला, गिझरसाठी टाकतात तसा. पण पूल मुंबई-आग्रा रस्त्याचा. पुण्याची लाइन अजून खालच्याच सॉकेटात आहे. पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्गही केला, ते तिसरं भोक. अर्थिंगसारखं. आहे सगळ्यांना माहीत, वापरत कोणी नाही.

घरातलं गणितही फार वेगळं नाही. नव्वदीच्या दशकात या भागात ज्या बिल्डिंगा उठल्या त्यांत खोलीला एक बोर्ड, बोर्डाला एक साधा प्लग, आणि स्वयंपाकघरात नाहीतर बाथरूममध्ये एक मोठा पॉवर प्लग एवढी चैन होती. बिल्डरच्या डोळ्यांसमोर एक टेपरेकॉर्डर आणि सणावारी मिक्सर असा संसार असावा. साधा प्लग सहा अँपिअरचा. दुकानात आपण अजून पाचचाच मागतो. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १,४०० वॅट. त्यावर आता शेगडी, ओव्हन, पाण्याचं यंत्र, आणि तीन भोकांचा मल्टिप्लग लावून त्याला आणखी एक मल्टिप्लग. ही आपली तीन गोल पिनांची घडण मुळात १९३४ च्या ब्रिटिश मानकातली. त्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि हळूहळू गोल पिना सोडल्या. आपल्याकडून ते गेले, पिना ठेवून गेले. त्यातली वरची पिन लांब आणि जाड असते ती उगीच नव्हे: आत जाताना अर्थिंग आधी लागावं, बाहेर येताना शेवटी सुटावं. आपण मात्र त्या भोकाचा उपयोग बॉलपेन घालून झडप उघडायला करतो, टू-पिन चार्जर शिरावा म्हणून.

वायरमन आला. पक्कड, टेस्टर, दातात काळी टेप, आणि दोन वायरी काढलेला एक होल्डर, त्यात बल्ब. पिशवी नाही, खोका नाही. बूट काढताना त्याने बोर्डाकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "हे वायरिंग कोणी केलं?"

हा प्रश्न विचारल्याशिवाय महाराष्ट्रात कोणताही वायरमन कामाला हात लावत नाही. नळवाला "हे फिटिंग कोणी केलं?" म्हणतो, शिंपी "हे माप कोणी घेतलं?" म्हणतो; पण वायरमनच्या प्रश्नात एक वेगळीच वेदना असते. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "हा माल आता येत नाही."

त्याने बल्बची एक वायर फेजला, एक न्यूट्रलला लावली. लागला नाही. मग फेज आणि अर्थिंगमध्ये धरली. भक्कन लागला. "घरात गळती ओळखणारा ईएलसीबी असता तर आत्ता खटकन बसला असता," तो म्हणाला. "तीस मिलिअँपिअरचा येतो. बसवून घ्या, पोरंबाळं आहेत." काका म्हणाले, "टेस्टर दोन्हीकडे लागतोय पण." वायरमनने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर डॉक्टर घरगुती काढा पिऊन आलेल्या पेशंटसाठी राखून ठेवतात.

मग त्याने असं काही विचारलं, जे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. "याच्या आधीचा बोर्ड कुठला?"

आपण गेलेल्या प्लगजवळच घुटमळत असतो. पण वायर बोर्डावरून बोर्डावर लूप होत जाते. पहिल्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला तर पहिला चालत राहतो आणि पुढचा जातो. पुढच्याला तुम्ही कितीही बदला, हलवा, बोला, त्याचा काही इलाज नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या आधीचा बोर्ड निघाला बेडरूममध्ये, लोखंडी कपाटाच्या मागे. कपाट सरकवायला टेस्टरवाले काका, इंजिनिअर, नवरा आणि आरोपी नंबर दोन असे चौघे लागले. मागे एक मोजा, सुनेला द्यायचा म्हणून लपवलेला आणि मग खरंच हरवलेला चांदीचा कुंकवाचा करंडा, आणि दिवाळीतली एक न फुटलेली टिकल्यांची डबी सापडली. करंड्यावरून काही क्षण वातावरणात फेज आणि न्यूट्रल दोन्ही जाणवले.

वायरमनने मेन बंद केला आणि बोर्ड उघडला. आत न्यूट्रलची वायर स्क्रूखालून सुटून काळी पडली होती. त्याने ती कापली, सोलली, टोक दुमडून पुन्हा स्क्रूखाली घातलं, आवळलं. सगळं मिळून एक चहा गार व्हायलाही लागला नसता एवढ्या वेळात. मेन चालू केला. स्वयंपाकघरात मिक्सरचं बटण कोणीतरी चालूच ठेवलं होतं, तो स्वतःहून ओरडायला लागला. सासूबाई दचकल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "बिघाड मिक्सरमध्येच होता."

आलाच आहे तर गॅलरीतला वॉशिंग मशीनचा प्लगही दाखवला. त्याचं वरचं भोक मातीने घट्ट लिंपलेलं होतं. कुंभारीण माशीने त्यात घर केलं होतं; आत तिची अळी आणि अळीच्या खाऊसाठी आणून ठेवलेले बधिर सुरवंट. द्वारका परिसरात जागेचे भाव बघता तिची निवड चुकीची म्हणता येणार नाही. तळमजल्याची नाही, पश्चिमेला तोंड, मेंटेनन्स नाही. वायरमनने स्क्रूड्रायव्हरने ती वास्तू पाडली. नोटीस न देता.

"किती झाले, दादा?"

"द्या समजून."

या दोन शब्दांएवढी दहशत मोठ्या बिलातही नसते. किती समजायचं? फार दिले तर घरातले ओरडणार, कमी दिले तर पुढच्या वेळी तो द्वारकेवरून निघणारच नाही. नवऱ्याने इंजिनिअरांकडे पाहिलं, इंजिनिअरांनी काकांकडे, काकांनी टेस्टरकडे. मी पर्समधून दोन नोटा काढून दिल्या. त्याने न मोजता खिशात घातल्या, म्हणजे बरोबर असाव्यात.

तो बूट घालत असताना सासूबाई चष्मा लावून बाहेर आल्या आणि त्याच्याकडे निरखून बघत राहिल्या. "अरे, तू तोच ना? घर घेतलं तेव्हा वडिलांच्या हाताखाली यायचास, हाफ पँटमध्ये. भिंतीला झिऱ्या पाडायचास. हे सगळं वायरिंग तुम्हीच केलंय की."

वायरमनने वळून बोर्डाकडे एकदा नीट पाहिलं.

"तरीच, आजी," तो म्हणाला, "एवढी वर्षं टिकलं."